कासीच्या समुद्रकाठच्या वाइन आणि जेवण: या चुका टाळा

दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेलच्या पूर्वेला, सुमारे वीस किलोमीटरवर, कासी नावाचे छोटे बंदर आहे. त्याच्या मागे, काप कानाय या 394 मीटर उंच कड्याच्या सावलीत, चुनखडीच्या उतारांवर दोनशेहून थोड्या अधिक हेक्टरांवर द्राक्षबागा आहेत. फ्रान्समध्ये नियंत्रित प्रदेशनाम (AOC, म्हणजे ठरावीक प्रदेशात ठरावीक नियमांनी केलेल्या वाइनलाच लावता येणारे नाव) प्रत्यक्ष मिळू लागले ते 1936 मध्ये, आणि त्या पहिल्याच वर्षी ज्या मोजक्या प्रदेशांना ते मिळाले त्यांत कासी होते. आजही इथे जेमतेम डझनभर वाइनरी आहेत. त्यांपैकी क्लो सेंत माग्दलेन या वाइनरीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागा तर थेट समुद्रापर्यंत उतरतात. प्रोव्हान्सचा, म्हणजे आग्नेय फ्रान्समधल्या या प्रांताचा, बाकीचा भाग गुलाबी वाइनसाठी ओळखला जातो. कासीचा मान मात्र पांढऱ्या वाइनला आहे आणि उत्पादनाचा मोठा वाटाही तिचाच आहे.

या वाइनच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकाच समजुतीत आहे. समुद्रकाठची पांढरी वाइन म्हणजे ती हलकी, आंबटसर आणि बर्फासारखी थंडच प्यायची, असे आपण गृहीत धरतो. कासीची पांढरी वाइन तशी नाही. तिच्यात मार्सान आणि क्लेरेत या द्राक्षांचे वजन जास्त असते, सोबतीला उनी ब्लां आणि थोडी सोव्हिन्यों ब्लां. मार्सान ही मूळची उत्तर ऱ्होन खोऱ्यातली जात. तिची वाइन अंगाने भरीव असते, आम्लता मवाळ असते, आणि बदाम, बडीशेप, पिकलेले नासपती, क्वचित मेणाचा वास तिला येतो. जिभेवर शेवटी जो खारटपणा जाणवतो त्यामुळे ती ताजी वाटते. हे एवढे लक्षात ठेवले की पुढच्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

फ्रिजमधून थेट पेल्यात

घरगुती फ्रिजचे तापमान साधारण चार-पाच अंश असते. त्या तापमानाला मार्सानचा वास अक्षरशः मिटून जातो आणि पेल्यात गार, किंचित कडवट पाणी उरल्यासारखे वाटते. ‘एवढी महाग बाटली, पण काही चवच नाही’ अशी तक्रार ऐकू येते तेव्हा दोष बहुधा बाटलीचा नसतो, तापमानाचा असतो. दहा ते बारा अंश हे योग्य तापमान. बाटली जेवणाआधी वीस-पंचवीस मिनिटे फ्रिजबाहेर काढून ठेवावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दहा मिनिटेही पुरतात. बर्फाच्या बादलीत बाटली बुडवून ठेवायची सवय विशेष नडते, कारण पेला भरताना जेमतेम उमललेली वाइन पुढच्या पेल्याला पुन्हा गोठते. पेला अर्ध्याच्या खालीच भरावा आणि तोंडाकडे निमुळता होणारा मोठा पेला घ्यावा. पहिल्या आणि दहाव्या मिनिटाच्या घोटातला फरक ज्याने एकदा अनुभवला, तो पुन्हा घाई करत नाही.

माशावर लिंबू आणि मग ही वाइन

ही चूक सर्वांत जास्त होते आणि तिच्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जेवणातला पदार्थ वाइनपेक्षा जास्त आंबट असला की वाइन मिळमिळीत लागते. मस्कादे किंवा पिकपूल द पिने यांसारख्या फ्रान्सच्याच इतर किनाऱ्यांवरच्या वाइनमध्ये मुळातच तरतरीत आम्लता असते. कच्च्या कालवांवर लिंबू पिळून त्या प्याव्यात, त्या डगमगत नाहीत. कासीची वाइन तिथे हरते. व्हिनेगर घातलेले सॅलड, लोणच्यासारखी मुरवलेली मासळी, लिंबाने थबथबलेली कोळंबी यांच्यासोबत ती उघडली तर तिचा भरीवपणाच तिला जड करतो.

तिची खरी जागा केशर, बडीशेप आणि लसणाच्या ताटात आहे, आणि ते ताट तिच्या दारातच आहे. बुयाबेस हा मार्सेलचा मासळीचा रस्सा. 1980 मध्ये तिथल्या काही उपाहारगृहांनी त्यासाठी एक सनद केली आणि खडकाळ समुद्रातल्या ठरावीक माशांपैकी किमान चार प्रकार त्यात असावेत असे ठरवले. तो दोन टप्प्यांत वाढला जातो. आधी गडद केशरी रस्सा, त्यावर भाजलेल्या पावाचे लसूण चोळलेले तुकडे, आणि त्या तुकड्यांवर रुई म्हणजे लसूण, मिरची, केशर व ऑलिव्ह तेल यांची घट्ट चटणी. मासे आणि बटाटे नंतर वेगळ्या थाळीत येतात. पुष्कळ जण मासे येईपर्यंत पेला भरत नाहीत आणि रस्सा पाण्यासोबत संपवतात. वास्तविक वाइनची गाठ पडायला हवी ती पहिल्या टप्प्याशी. पावाचा तुकडा रश्श्यात मऊ होतो, तेल सुटते, केशर व बडीशेप वर येतात, आणि त्याच वेळी मार्सानचा बदामी गोडवा त्या तेलाला पेलतो. हलकी, आंबट वाइन या लसणापुढे टिकत नाही. कासीची टिकते, हेच तिचे मोठेपण मला वाटते.

कच्चे समुद्री अर्चिन, म्हणजे काटेरी कवचाचे छोटे समुद्री जीव, हिवाळ्यात या किनाऱ्यावर आवडीने खाल्ले जातात. त्यांचा आयोडीनसारखा गोड-खारट गर आणि ही वाइन यांचे जुळते, पण लिंबाशिवाय. आर्टिचोक ही भाजी मात्र टाळावी. तिच्यातल्या सायनरिन या घटकामुळे नंतरचा घोट विचित्र गोड लागतो, आणि त्याचा दोष विनाकारण वाइनवर येतो.

शेजारची लाल वाइन त्याच माशावर

कासीच्या पूर्वेला थोड्याच अंतरावर बांदोल हे बंदर आहे. 1941 मध्ये प्रदेशनाम मिळालेल्या बांदोलची लाल वाइन निम्मी किंवा त्याहून जास्त मुर्व्हेद्र द्राक्षांची असते आणि किमान अठरा महिने लाकडी पिंपांत राहते. बंदराचे नाव पाहून ती सार्डिन किंवा बांगड्यासारख्या तेलकट माशासोबत उघडली की तोंडात धातूसारखी, मासळकट चव रेंगाळते. जपानी संशोधकांनी 2009 मध्ये दाखवले की याला वाइनमधले लोह कारणीभूत असते. बांदोल लाल कोकराच्या मांसासोबत किंवा वाइनमध्ये तासन्‌तास शिजवलेल्या दोब या गोमांसाच्या रश्श्यासोबत घ्यावी, आणि कोवळी असेल तर जेवणाआधी दोन तास दुसऱ्या भांड्यात ओतून तिला हवा द्यावी.

गुलाबी वाइनला केवळ पोहण्याच्या तलावाकाठचे पेय समजणे हीसुद्धा चूकच आहे. कासी आणि बांदोलच्या गुलाबी वाइन जेवणासाठीच घडवलेल्या असतात. खारवलेला कॉड मासा, उकडलेले बटाटे, गाजर, फरसबी, अंडी आणि मधोमध आयोली हा लसूण व ऑलिव्ह तेलाचा घट्ट सॉस, असे थाळाभर जेवण प्रोव्हान्समध्ये विशेषतः शुक्रवारी होते; त्याच्यासोबत गुलाबी वाइन घेऊन पाहावी.

खरेदी करताना

बाटलीवर ‘कासी’ असे लिहिलेले दिसले की ती याच गावची, असे नाही. दिजों या फ्रेंच शहराच्या परिसरातले काळ्या करंट फळांचे गोड, गडद जांभळे लिकर याच अक्षरांनी लिहिले जाते आणि त्याचा या गावाशी काहीही संबंध नाही. लेबलवर प्रदेशनामाचा (AOC) उल्लेख आहे का, हे पाहावे.

‘खराब झाली’ असे वाटते तेव्हा

तळाशी किंवा बुचाला काचेच्या बारीक कणांसारखे स्फटिक दिसले तर ते टार्टरिक आम्लाचे क्षार असतात आणि निरुपद्रवी असतात. शेवटचा थेंब सावकाश ओतावा एवढेच. नुकतीच ओढलेली काडी किंवा उकडलेले अंडे यांसारखा वास आला तर वाइनला हवा कमी पडलेली असते, दुसऱ्या भांड्यात ओतून अर्धा तास थांबावे. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर मात्र बूच दूषित आहे, त्यावर उपाय नाही. ती परत करावी. रंगाने फसू नये. चार-पाच वर्षांची कासी सोनेरी होते, तिच्यात मध आणि अक्रोड उतरतात, आणि हा बिघाड मानून चांगली बाटली कित्येक जण ओतून देतात. रंग तपकिरी आणि वास चिरून ठेवलेल्या सफरचंदासारखा झाला, फळाचा लवलेशही उरला नाही, तरच ती गेली असे समजावे.

अशी वाइन भारतात आणणाऱ्यांच्या बाबतीत बहुधा उष्णतेने घात होतो. चाळीस अंशांच्या गाडीत ठेवलेली बाटली एका दुपारीही शिजते. घरी ती अंधाऱ्या, गार कोपऱ्यात आडवी ठेवावी.

आपल्या स्वयंपाकातले कोणते पदार्थ तिला चालतील, याचे उत्तरही त्याच मवाळ आम्लतेत आहे. कोकम, चिंच आणि कैरी घातलेली आमटी तिला मारते, आणि सोलकढी व ही वाइन एका वेळी घेऊ नयेत. तिखटाचा प्रश्न वेगळा आहे, कारण वाइनमधले मद्य मिरचीची आग वाढवते आणि तांबड्या रश्श्यापुढे तिचा सुगंध संपतो. ओल्या नारळाच्या दुधातली, हळद व धन्याची, जेमतेम मिरचीची कोळंबी किंवा गोव्यातली सौम्य पिवळी काल्दीन कमी आंबट करून तिच्यासोबत वाढावी. तव्यावर लोण्यात परतलेला पापलेटही चालतो, मात्र लिंबाची फोड ताटाच्या कडेलाच राहू द्यावी.