जुन्या चिनी ग्रंथांचा पाठ ठरवताना या चुका टाळा

सूचौ शहरातला हुआंग पीलिए (१७६३–१८२५) सोंग काळातल्या (९६०–१२७९) छापील ग्रंथांसाठी अक्षरशः वेडा होता. जमवलेल्या सोंग प्रतींसाठी त्याने वेगळं दालन केलं होतं आणि वर्ष सरताना तो या ग्रंथांची पूजाही मांडायचा. त्याचा सहकारी कू ग्वांगछी हा पाठ (म्हणजे वेगवेगळ्या प्रतींमधला मजकूर) ताडून पाहण्यात त्या काळातला अव्वल माणूस. नव्याने या विषयात शिरणारे ज्या ठिकाणी हमखास अडखळतात, त्या बहुतेक जागा या दोघांच्या कामात दिसतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जुनं ते शुद्ध, असं धरून चालणं. फूच्येन प्रांतातल्या माशा गावचे छापखाने सोंग काळातच स्वस्त आणि चुकांनी भरलेल्या प्रतींसाठी बदनाम होते. तेव्हाचा एक किस्सा नोंदलेला आहे. एका शिक्षकाने परीक्षेत विचारलं, ‘यीचिंगमध्ये छ्येन म्हणजे धातू आणि खुन म्हणजेही धातू, असं का?’ यीचिंग हा शकुन पाहण्याचा प्राचीन ग्रंथ, छ्येन आणि खुन ही त्यातली दोन चिन्हं. विद्यार्थी गोंधळले. प्रश्न माशाच्या प्रतीवरून काढला होता. सरकारी प्रतीत खुनसाठी ‘कढई’ हे अक्षर होतं. माशाच्या प्रतीत त्याच्या डोक्यावरच्या दोन छोट्या रेघा गळल्या आणि कढईचा धातू झाला. ही प्रतही सोंगच होती! म्हणून वय पाहण्याआधी ती कुठे आणि कोणासाठी छापली गेली, ते पाहा.

दुसरी चूक उत्साही अभ्यासकांची: खटकलं की दुरुस्त करायचं. कू ग्वांगछीचा बाणा याच्या अगदी उलट होता. मूळ प्रतीला हात लावायचा नाही. काय चुकलं आणि का चुकलं, ते वेगळं लिहायचं. सोंग प्रतींवरून ग्रंथ छपाईच्या लाकडी ठशांवर नव्याने कोरून घेताना हुआंगनेही मूळ पाठ जपला आणि शेरे स्वतंत्रपणे जोडले. पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सित आवृत्ती ज्यांनी चाळली आहे, त्यांना पानाखाली पाठभेद देण्यामागचा हा विचार लगेच पटेल. मला ही शिस्त फार मोलाची वाटते, कारण आज चूक वाटणारा पाठ उद्या बरोबर ठरू शकतो. ‘लीची’ या विधी-आचारांवरच्या प्राचीन ग्रंथात एका ठिकाणी ‘नगराबाहेरचा पश्चिमेचा भाग’ की ‘नगराबाहेरचे चारी दिशांचे भाग’, यावरून कू आणि वयोवृद्ध पंडित त्वान यूत्साय यांचं कडाक्याचं भांडण झालं. चिनी लिपीत ‘पश्चिम’ आणि ‘चार’ ही अक्षरं दिसायला अगदी जवळची. दोघेही प्रकांड पंडित, तरी एकमत झालं नाही. अशा जागी परस्पर अक्षर बदललं असतं, तर पुढच्यांना वादाची जागाच सापडली नसती.

आता काळ ठरवण्याकडे. बादशहाच्या नावातलं अक्षर पूर्ण लिहायचं नाही, शेवटची रेघ सोडायची, असा रिवाज होता. सोंग बादशहा श्याओत्सोंग ११६२ मध्ये गादीवर आला, म्हणून त्याच्या नावातलं ‘शन’ अपुरं दिसलं तर छपाई त्यानंतरची. पण हा पुरावा फक्त ‘याआधीची नाही’ एवढंच सांगतो. हू कचियाने १८०९ मध्ये ‘वनश्वान’ हा जुन्या साहित्याचा संग्रह सोंग काळातल्या यौ मौच्या ११८१ च्या आवृत्तीवरून हुबेहूब कोरून घेतला. कू त्या कामात होता. अशा पुनर्कोरणीत सोडलेल्या रेघाही जशाच्या तशा उतरतात. शिवाय हूच्या हाती आलेली प्रत झिजलेल्या, डागडुजी केलेल्या ठशांवरून उशिरा काढलेली होती, त्यामुळे तिचा पाठ यौ मौच्या मूळ छपाईशी सगळीकडे जुळत नाही.

डागडुजीचा घोळ इथेच संपत नाही. काही सोंग ठसे नंतरच्या युआन आणि मिंग राजवटींच्या काळातही दुरुस्त करून वापरले गेले. एकाच ग्रंथात तीन राजवटींची पानं सापडतात. तेव्हा तारीख ग्रंथाला लावू नका, पानाला लावा. पानाच्या मधल्या पट्टीत कधी कधी कोरणाऱ्या कारागिराचं नाव असतं. तेच नाव दुसऱ्या, काळ माहीत असलेल्या ग्रंथात मिळालं तर मोठा आधार होतो.

संग्राहकांच्या लाल शिक्क्यांवर भिस्त ठेवू नका. नामांकितांचे शिक्के खोटे बनवायचे, नवा कागद रंगवून जुना करायचा, पुनर्मुद्रणाची नोंद असलेलं पान फाडून टाकायचं, हे ग्रंथबाजारातले जुनेच उद्योग.

आणि टाइप केलेल्या डिजिटल पाठावरून यातलं काहीही ठरवू नका. सोडलेली रेघ तिथे मुकाट्याने पूर्ण होते, कारागिराचं नाव गळतं. पानाचं छायाचित्र उघडा आणि टिपणात प्रतीचं नाव, खंड, पान आणि पानाची बाजू लिहून ठेवा.