गुडघ्याचा एमआरआय: आधी काय विचारायचं, नंतर काय बघायचं

वडोदऱ्यात दांडिया बाजारात मी फिजिओथेरपी करते. नवरात्र सरली की गुडघे धरून माणसं यायला लागतात. गरबा खेळताना पाऊल जमिनीवर रोवलेलं राहतं, अंग मात्र वळतं. बरेचजण डॉक्टरांना न दाखवताच एमआरआयची फाइल घेऊन येतात. मनापासून सांगते, आधी गुडघा तपासून घ्या.

'कट्' असा आवाज आला होता का? सूज कधी चढली? दोन-तीन तासांतच गुडघा टम्म फुगला, तर आत रक्त साठलं असण्याची आणि एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी बांधून ठेवणारा पट्टा (लिगामेंट), तुटल्याची शंका येते. दुसऱ्या दिवशी हळूहळू सूज आली, तर गादीकडे, म्हणजे या दोन हाडांमधल्या कुर्चेकडे (मेनिस्कस), लक्ष जातं. मग गुडघा २०-३० अंश वाकवून डॉक्टर नडगी पुढे ओढून बघतात आणि दुसऱ्या पायाशी ताडून पाहतात. चार पावलंही टाकता येत नसतील, तर आधी एक्स-रे.

एमआरआयच्या चिठ्ठीवर नुसतं 'गुडघेदुखी' असेल तर डॉक्टरांना म्हणा, अजून दोन ओळी लिहा: कोणता पाय, कसा पिळवटला, कुठे दुखतं, अडकतो का, आधी ऑपरेशन झालंय का. फिल्म वाचणाऱ्याला नेमकं काय शोधायचं ते कळतं.

पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू यावं म्हणून कानात बसवलेलं यंत्र), डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण, हे सगळं आधी सांगा. बायकांनो, जोडवी घट्ट बसली असतील तर घरीच साबण लावून काढा. पाय आधी आत जातात, डोकं बहुधा बाहेरच राहतं, त्यामुळे घाबरू नका. वीस मिनिटं ते अर्धा तास पाय अजिबात हलवू नका. इंजेक्शन सहसा लागत नाही.

आता फिल्म. बाजूने घेतलेल्या चित्रात एसीएल म्हणजे मांडीच्या हाडाकडून खाली पुढे तिरकी उतरणारी ताठ काळी पट्टी. तुटलेली असेल तर ती मध्येच विसकटते, पांढुरकी दिसते. तेवढ्यावर थांबू नका. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला मांडीच्या हाडावर आणि नडगीच्या मागच्या कडेला पांढरे डाग आहेत का बघा. नडगी पुढे सटकली तेव्हा ही दोन हाडं एकमेकांवर आपटली, त्याचा हा मुका मार.

गादी काळ्या त्रिकोणासारखी दिसते. पांढरी रेघ पृष्ठभागापर्यंत पोचली तरच ती फाटलेली. 'ग्रेड १', 'ग्रेड २' (म्हणजे रेघ आतच आहे, पृष्ठभागापर्यंत पोचलेली नाही) वाचून रात्रीची झोप घालवू नका. पन्नाशीनंतर तर फाटलेली गादी पुष्कळदा काहीच त्रास देत नाही. अमेरिकेत फ्रेमिंगहॅमला ५० ते ९० वयाच्या लोकांचे एमआरआय काढले होते. २००८ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात, गादी फाटलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्याभरात गुडघ्याची काहीच तक्रार नव्हती. म्हणून रिपोर्टमधली जागा आणि तुमचं बोट ठेवून दाखवता येणारं दुखणं जुळतं का, ते डॉक्टरांना विचारा.

मात्र गुडघा अडकून सरळच होत नसेल आणि रिपोर्टमध्ये 'बकेट हँडल' (गादीचा फाटलेला भाग बादलीच्या कडीसारखा सरकून सांध्यात अडकलेला) लिहिलं असेल, तर व्यायामासाठी माझ्याकडे येऊ नका. त्याच आठवड्यात ऑर्थोपेडिक सर्जनला गाठा.