जर्मनीत शिकताना नोकरी: १४० दिवसांचा हिशेब कसा ठेवावा

जर्मनीला शिकायला निघालेल्या विद्यार्थ्याला नोकरीबद्दल हमखास ऐकवले जाते की आठवड्याला वीस तासांच्या आत राहिले म्हणजे झाले. हा सल्ला अर्धवट आहे, आणि निवास परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी त्याची किंमत सल्ला देणाऱ्याला नव्हे, तर विद्यार्थ्याला मोजावी लागते.

एपीएस प्रमाणपत्र (भारतातील शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचा दाखला), ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच ठेवलेले आणि दरमहा ठरावीकच पैसे काढता येणारे खाते) आणि व्हिसा ही तयारी झालेली आहे, असे मी धरून चालतो. नोकरीच्या भरवशावर शैक्षणिक कर्जाची रक्कम मात्र कमी करू नये, कारण जर्मन भाषा येत नसेल तर पहिले काम मिळायला कित्येक महिने जाऊ शकतात. तिथे पोहोचल्यावर पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, लगेच करावी. कर क्रमांक टपालाने येतो, म्हणून टपालपेटीवर स्वतःचे नाव लावावे. आरोग्य विमा आणि बँक खाते झाले की कागदपत्रांचा सोपा भाग संपला.

खरी अडचण पुढे आहे. जर्मनीत विद्यार्थ्याच्या नोकरीला दोन वेगवेगळ्या मर्यादा लागू होतात. पहिली निवास कायद्याची: वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. दुसरी सामाजिक विम्याची: सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच काम केले, तर वेर्कश्टुडेंट, म्हणजे शिकताना नोकरी करणारा विद्यार्थी, म्हणून वेतनातून आरोग्य विमा व बेकारी विम्याची कपात होत नाही, केवळ निवृत्तिवेतनाची होते. एक मर्यादा पाळली म्हणजे दुसरी आपोआप पाळली जाते, असे मुळीच नाही. मला स्वतःला हा भेद नीट समजायला बराच वेळ लागला, आणि तो समजावून सांगणारे कोणी भेटले नाही.

दिवस मोजण्याचा नियम असा आहे. चार तासांपर्यंतचे काम अर्धा दिवस आणि त्याहून जास्त काम पूर्ण दिवस धरले जाते; म्हणजे सव्वाचार तासांच्या पाळीनेही पूर्ण दिवस खर्ची पडतो. १ मार्च २०२४ पासून याला दुसरा पर्याय आला आहे: सत्रात आठवड्याला २० तासांपर्यंत काम केले, तर ते कसेही विभागलेले असले तरी तो आठवडा अडीच दिवसांचा धरता येतो. सुटीच्या काळात तर पूर्णवेळ काम केलेला आठवडाही अडीच दिवसांतच बसतो. दोहोंपैकी विद्यार्थ्याच्या फायद्याची पद्धत धरावी, अशी तरतूद आहे. पाच तासांच्या चार पाळ्या केल्यास दिवसांच्या हिशेबाने चार दिवस जातात, आठवड्याच्या हिशेबाने अडीच. उलट शनिवार-रविवार आठ-आठ तास काम करणाऱ्याला दिवसांचाच हिशेब स्वस्त पडतो, कारण त्याचे दोनच दिवस जातात. जिथे अजूनही १२० आणि २४० हे आकडे दिलेले दिसतील, तो मजकूर जुना समजून बाजूला ठेवावा.

म्हणून पहिल्या पाळीपासून एक तक्ता ठेवा: तारीख, तास, मालक, आणि आठवड्याअखेर कोणत्या पद्धतीने किती दिवस गेले. दोन ठिकाणी काम करत असाल तर दोन्हींचे दिवस आणि तास एकत्र मोजले जातात. एका मालकाला दुसऱ्याकडची पाळी दिसत नाही, त्यामुळे बेरजेची जबाबदारी तुमचीच राहते. मिनिजॉब, म्हणजे ठरावीक मर्यादेच्या आतल्या कमी वेतनाची नोकरी, आहे म्हणून तो यातून सुटतो, हीदेखील चुकीची समजूत आहे. मर्यादेपलीकडे काम करायचेच असेल, तर परदेशी नागरिक कार्यालयाची परवानगी काम सुरू करण्याआधी घ्यावी.

विद्यापीठातील साहाय्यकाचे काम, ज्याला सगळे हिवी म्हणतात, १४० दिवसांत मोजले जात नाही. अभ्यासक्रमात सक्तीची असलेली इंटर्नशिपही नाही. स्वेच्छेने केलेली इंटर्नशिप मात्र मोजली जाते. विम्याच्या २० तासांत हिवीचे तासही येतात, हे विसरू नये. निवड करता येत असेल तर मी हिवीचे कामच घ्यायला सांगेन.

स्वतंत्र व्यवसायाला विद्यार्थी परवान्यावर आपोआप मुभा नसते. पुण्यातल्या ओळखीच्या कंपनीचे काम खोलीत बसून फ्रीलान्स म्हणून करणे हेही त्यातच येते, पैसे भारतातल्या खात्यात जमा झाले तरीही. डिलिव्हरीसाठी दुसऱ्याचे अ‍ॅपवरील खाते भाड्याने घेणे आणि नोंदीशिवाय रोखीने काम करणे, या दोन्ही गोष्टींना स्पष्ट नकार द्यावा. अपघात झाला तर अशा कामात विम्याचे संरक्षण मिळवणे फार अवघड जाते. लेखी करार, वेतनचिठ्ठी आणि किमान वेतन, जे १ जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे, यांचा आग्रह धरावा.

पदवी पूर्ण झाल्यावर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांपर्यंतचा परवाना मिळू शकतो आणि त्या काळात कामाच्या दिवसांना मर्यादा नसते. त्याचा अर्ज विद्यार्थी परवाना संपण्यापूर्वीच द्यावा, आणि जुन्या वेतनचिठ्ठ्या व तक्ता तोपर्यंत जपून ठेवावा.