सीटीचं फिजिक्स शिकवायचंय? आधी नारळ स्कॅन करा

रत्नागिरीत एक्स-रे टेक्निशियनच्या पोरांना मी सीटी (सीटी स्कॅन) शिकवतो, आणि बॅक प्रोजेक्शन, म्हणजे सगळ्या बाजूंनी घेतलेल्या एक्स-रे मापांवरून आतलं चित्र परत उभं करणं, फळ्यावर कितीही काढलं तरी डोक्यात शिरत नाही हे दरवर्षी बघतोय. मशीनवर पेशंटची रांग, तिथे प्रयोग कोण करू देणार? म्हणून लॅपटॉपवर करायचं. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिची चित्रांवर काम करणारी लायब्ररी सायकिट-इमेज, दोन्ही फुकट. फक्त पावसाळ्याआधी इन्स्टॉल करून ठेवा, आपल्याकडे लाईट जायच्या आधी नेट जातं.

तयार फँटम, म्हणजे चाचणीसाठीचं नकली चित्र, मिळतो, शेप आणि लोगन यांचा 1974 सालचा, डोक्याचा. पण पहिल्या दिवशी तो नको, पोरांना नारळ काढायला लावा. 200 बाय 200 चं चित्र, त्यात एकात एक गोल, प्रत्येकाला तो एक्स-रे किती अडवतो याचा आकडा: सोडण 0.3, करवंटी 1.3, खोबरं 0.9, आत पाणी 1. आकडे शिकवण्यापुरते आहेत, पण पाणी 1 धरलं की हाउन्सफिल्ड नंबर (सीटीत पाण्याशी तुलना करून देतात तो आकडा) तोंडी निघतो, 1 वजा करा, हजारने गुणा: पाणी 0, करवंटी 300, सोडण उणे 700, बाहेरची हवा उणे 1000.

आता रेडॉन फंक्शन, ते चित्राचं प्रत्येक अँगलने स्कॅन करतं, 0 ते 180 डिग्री, 180 अँगल. सायनोग्राममध्ये, म्हणजे सगळ्या अँगलची मापं शेजारी शेजारी मांडलेल्या चित्रात, नुसते सरळ पट्टे येतील, कारण नारळ कुठूनही बघा, सारखाच. मग खोबऱ्यात एका बाजूला बारीकसा किडका डाग टाका आणि परत चालवा, त्या पट्ट्यांवरून एक लाट (साइन वेव्ह) जाताना दिसेल, आणि सायनोग्राम हे नाव कुठून आलं ते वेगळं सांगावं लागत नाही. गेल्या बॅचची एक मुलगी म्हणाली, "सर, डाग करवंटीकडे सरकवला की लाट मोठी होते." अगदी बरोबर!

उलट फिरवायला, म्हणजे सायनोग्रामवरून परत नारळ काढायला, आयरेडॉन फंक्शन, धूसरपणा घालवणारा रॅम्प फिल्टर लावून. तोच फिल्टर काढून बघा, करवंटी, खोबरं, पाणी सगळं धुक्यात गेल्यासारखं. अँगल 180 चे 12 करा, चित्रभर रेघा येतात.

शेवटी सायनोग्रामची 80 नंबरची आडवी ओळ शून्य करा, म्हणजे एक डिटेक्टर (एक्स-रे मोजणारा सेन्सर) मेला असं समजा. नारळात अर्धवर्तुळ उमटतं. अर्धंच का, हे पोरांनाच विचारा, घाई करू नका, थांबा. मग अँगल 360 डिग्रीपर्यंत न्या, अख्खी रिंग समोर येते, खऱ्या सीटीत दिसते तीच.