व्यक्तिमत्त्व प्रश्नावलीचं फॅक्टर ॲनालिसिस: या चुका टाळा

पीएचडीच्या सबमिशनची तारीख जवळ आली की कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझ्याकडे पेन ड्राइव्ह घेऊन पोरं येतात. फॅक्टर ॲनालिसिस म्हणजे एकत्र हलणाऱ्या उत्तरांवरून त्यांच्यामागचे मोजके गुण, म्हणजे फॅक्टर, शोधणं. प्रश्नावली प्रत्येकाची वेगळी, चुका मात्र त्याच.

पहिली चूक मेनूतच होते. एसपीएसएस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर उघडायचं, काही न बदलता ओके दाबायचं आणि 'फॅक्टर ॲनालिसिस केलं' म्हणून लिहायचं. तिथं आपोआप निवडलेलं असतं ते प्रिन्सिपल कंपोनंट्स, म्हणजे विधानांचा नुसता गोषवारा काढणारी पद्धत. विधानांमागचे सुप्त गुण शोधायचे असतील तर प्रिन्सिपल ॲक्सिस ही पद्धत घ्या.

त्याहून मला चीड येते ती 'आयगेनव्हॅल्यू एकच्या वर म्हणजे फॅक्टर' या नियमाची (आयगेनव्हॅल्यू म्हणजे एक फॅक्टर किती विधानांएवढा फरक समजावतो तो आकडा). कायझरनं तो १९६० साली मांडला आणि सॉफ्टवेअरनं तो गळी उतरवला. ६० विधानं आणि २०० माणसं घेऊन निव्वळ रँडम आकडे भरा, तरी पहिली आयगेनव्हॅल्यू दोनच्या वर जाते. मग बिग फाइव्हच्या, म्हणजे स्वभावाचे पाच मोठे गुण मोजणाऱ्या, प्रश्नावलीतून सतरा फॅक्टर निघाले तर नवल काय? हॉर्नचं पॅरलल ॲनालिसिस, म्हणजे रँडम डेटाच्या आयगेनव्हॅल्यूंपेक्षा वर जाणारेच फॅक्टर धरणं, १९६५ पासून आहे, आर या सॉफ्टवेअरमधल्या सायक पॅकेजमध्ये एका ओळीत होतं. मी आधी ते करतो, मग स्क्री प्लॉट, म्हणजे आयगेनव्हॅल्यूंचा उतरता आलेख, बघतो, मग आलेल्या आकड्यापेक्षा एक कमी आणि एक जास्त फॅक्टर काढून वाचून बघतो. याला एक दुपार जाते. घाई असणाऱ्यांनी दुसरा विषय घ्यावा.

आता उलट विधानं, म्हणजे गुणाची उलट बाजू विचारणारी. एक मुलगी बिग फाइव्हवरची स्वतःची प्रश्नावली घेऊन आली. पाचाऐवजी सहा फॅक्टर, आणि सहाव्यात पाचही गुणांची नकारार्थी विधानं गोळा झालेली. तिनं त्याला 'नकारात्मक वृत्ती' असं नाव देऊन दोन पानं चर्चाही लिहिली होती. लोडिंग, म्हणजे विधानाचं फॅक्टरशी किती नातं आहे तो आकडा, दाखवत ती म्हणाली:

"सर, लोडिंग तर चांगलं आलंय की!"

"आलंय गं. भरलेले फॉर्म कुठायत?"

गाईडनी सांगितलं होतं, रिव्हर्स कोडिंग, म्हणजे उलट विधानांच्या उत्तरांचे आकडे उलटवणं, राहिलं असेल. ते राहिलं तर अल्फा (विधानांचा आपसातला मेळ सांगणारा आकडा) बिघडतो, पण फॅक्टरमध्ये फक्त लोडिंगचं चिन्ह उलटतं; वेगळा फॅक्टर त्यानं तयार होत नाही. दुसऱ्या दिवशी ती खोकं घेऊन आली. शेवटच्या तासाला, एसटी गाठायच्या घाईत भरून घेतलेला गठ्ठा लगेच ओळखू आला: वरपासून खालपर्यंत 'सहमत'च्या रकान्यात टिकांची सरळ रेघ. 'मी नव्या लोकांत पटकन मिसळते', सहमत. चार ओळी खाली 'मी नव्या लोकांत गप्प असते', तेही सहमत. असे फॉर्म बाजूला काढून परत चालवलं, तर सहावा फॅक्टर बराच रोडावला. पुरता गेला नाही, कारण नकारार्थी वाक्यरचनाच विधानांना एकमेकांकडे ओढते. जे उरलं त्याला स्वभावाचं नाव द्यायचं नाही, एवढं तिला पटायला चहाचे दोन कप लागले. कुठले फॉर्म गाळायचे हे मी निकाल बघायच्या आधी लिहून ठेवायला लावतो, नाहीतर पोरं नको ते फॉर्म गाळत बसतात.

रोटेशन, म्हणजे फॅक्टर वाचायला सोपे व्हावेत म्हणून ते फिरवणं, व्हॅरिमॅक्स पद्धतीनंच का, असं विचारलं तर उत्तर येतं, 'सीनियरनं केलं होतं.' व्हॅरिमॅक्स फॅक्टरांमध्ये संबंध शून्य धरतं. स्वभावाचे गुण इतके सुटे नसतात. संबंध राहू देणारं ऑब्लिमिन करा. संबंध खरंच शून्याजवळ असतील तर उत्तर जवळपास तेच येईल.

केएमओ (डेटा फॅक्टर ॲनालिसिसला योग्य आहे का हे सांगणारा आकडा) चांगला आला म्हणजे प्रश्नावली चांगली, असं नाही.

एकाच विधानात दोन गोष्टी नकोत: 'मी शांत आणि मेहनती आहे' याला माणूस काय उत्तर देणार?

दोन विधानांचा फॅक्टर मी धरत नाही. बहुतेक वेळा ती दोन विधानं म्हणजे एकच वाक्य दोनदा लिहिलेलं असतं.

आणि ज्या डेटावर फॅक्टर शोधले, त्याच डेटावर कन्फर्मेटरी (आधी ठरवलेली रचना तपासणारं) ॲनालिसिस करून 'रचना सिद्ध झाली' लिहू नका. नमुना मोठा असेल तर सुरुवातीलाच अर्धा बाजूला काढा. लहान असेल तर दुसऱ्या कॉलेजात जाऊन नवीन फॉर्म भरून घ्या, आणि शेवटच्या तासाला नको.