टर्बोची गाडी घाटात घालताय? आधी ऑइल बघा

साखळी-केरीहून चोर्ला घाट चढून वर आलो, चहाची टपरी दिसली की आपण काय करतो, गाडी कडेला आणि खटकन किल्ली बंद. टर्बोच्या गाडीला तेवढं करू नका. टर्बो म्हणजे इंजिनच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा. त्याचा शाफ्ट मिनिटाला 1 लाखाच्या वर फेऱ्या मारतो, तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो आणि त्याची गरमी पण तेच ऑइल घेऊन जातं. इंजिन बंद म्हणजे ऑइल पंप बंद, टर्बो मात्र अजून तापलेलाच, मग आत राहिलेलं ऑइल करपून कढईच्या बुडागत चिकटून बसतं. म्हणून शेवटचा एखादा किलोमीटर सावकाश या, थांबल्यावर मिनिट-दोन मिनिटं आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू ठेवा, तेवढ्यात चहा सांगून होतो की. सकाळी स्टार्ट केल्या केल्या रेस करू नका, ऑइल वर पोचू दे.

ऑइल कुठलं, तर गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच. "उन्हाळा हाय, जाड घाला" म्हणणारे लई भेटतात, ऐकू नका. लेव्हल सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी बघायची. मॅक्सच्या वर भरलं तर तेही वाईट, फेस होतो आणि टर्बोतलं ऑइल खाली उतरत नाही.

आता माझंच सांगतो. टर्बो गेला, एका गॅरेजात नवा बसवला, तीन महिन्यात तोही शिट्टी मारायला लागला, निळा धूर. मग बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मेस्त्रीनं फीड पाइपचा, म्हणजे टर्बोला ऑइल आणणाऱ्या पाइपचा, बोल्ट काढून उजेडात धरला, भोकातनं सुई जाईना! जुना पाइप तसाच ठेवून नवा टर्बो घातलेला, म्हणजे नव्यालाही उपाशीच ठेवलं. तेव्हा टर्बो बदलताना फीड पाइप नवा घाला, ऑइल परत नेणारा रिटर्न पाइप सरळ खाली उतरता पाहिजे, पिचकलेला नको, आणि त्याच्या गास्केटला सिलिकॉन फासू देऊ नका, तुकडा सुटला की भोक बंद. बसवताना टर्बोच्या ऑइलच्या भोकात हातानं ऑइल ओतून शाफ्ट बोटानं फिरवायचा, मग इंजिन चालू न करता नुसतं क्रँक, म्हणजे स्टार्टरनं फिरवायचं.

गरमीचं दुसरं ठिकाण इंटरकूलर. हवा दाबली की तापते, पार 100 अंशाच्या वर जाते, ती गार करायचं काम त्याचं. खानापूरकडची तांबडी माती आणि उसाच्या ट्रॅक्टरमागची धूळ त्याच्या जाळीत गच्च बसते, कमी प्रेशरच्या पाण्यानं धुवा, नाहीतर पत्रे वाकतात. सुपरचार्जर असला, म्हणजे बेल्टवर फिरणारा, तर बऱ्याच गाड्यांत त्याचं ऑइल वेगळं असतं, पण हवा तोही तापवतोच, इंटरकूलर तिथंही साफ हवा.

वंटमुरी घाटात टेंपरेचरचा काटा वर जायला लागला तर एसी बंद, हीटर फुल्ल, खालचा गिअर. तरी चढला तर बाजूला घेऊन बंद करा, तेव्हा टर्बोची काळजी नंतर, आणि रेडिएटरचं झाकण गार होईपर्यंत हात लावू नका.