पाच तारांचा युकुलेले: तारा कशा लावायच्या आणि वाजवायचा कसा

आधी हे क्लिअर करू, युकुलेले म्हणजे गिटारसारखं दिसणारं छोटं, चार तारांचं वाद्य, आणि पाच तारांचा युकुलेले म्हणजे काही वेगळं वाद्य नाही, तारांचे सूर नेहमीचेच जी-सी-ई-ए, फक्त जी ची जोडी असते. एक वरचा जी, 392 हर्ट्झ, आणि त्याला चिकटून खालचा जी, 196. दोन्ही एकाच बोटाखाली दाबायच्या, त्यामुळे कॉर्ड नव्याने शिकायला लागत नाहीत. दुकानात सहा तारांचाही दिसेल पण त्यात बहुतेक वेळा सी आणि ए च्या जोड्या असतात, जी एकटाच, तेव्हा घेताना बघून घ्या.

आता ही भानगड कशाला? तर सी म्हणजे पांढरी एक, तिला सा धरलं तर साध्या युकुलेलेवर सा च्या खाली सूरच नाही, आणि आपली निम्मी भावगीतं मंद्रात नी-ध-प करून येतात. वरच्या जी (हाय जी) ऐवजी खालचा, म्हणजे लो जी लावला की ते मिळतं पण मग स्ट्रमिंगची, म्हणजे सगळ्या तारांवरून हात फिरवून वाजवण्याची ती खळखळ जाते. पाच तारांत दोन्ही राहतं, माझ्या मते एवढं एकच कारण पुरेसं आहे. तसं पाच तारा काही नवीन फॅड नाही, 1879 साली पोर्तुगीज लोक मदेरा बेटावरून हवाईला गेले, त्यांच्याकडे राजाव नावाचं पाच तारांचं वाद्य होतं, डी-जी-सी-ई-ए, त्यातला डी काढला की उरतं ते आपलं ट्यूनिंग.

तारांचं म्हणाल तर आपल्या साइजचा, म्हणजे टेनर असेल तर टेनरचा, साधा हाय जी सेट घ्या आणि लो जी ची एक सुटी तार. लो जी दोन प्रकारची येते, वाउंड म्हणजे वरून बारीक धातूची तार गुंडाळलेली, नाहीतर जाड प्लेन फ्लोरोकार्बन, हे एक प्लास्टिक. प्लेन जाड असते, नटच्या (खुंट्यांजवळची तारांच्या खाचांची पट्टी) खाचेत बसत नाही आणि शेजारणीला घासते, म्हणून जोडीसाठी मी वाउंडच सांगेन, बोट सरकताना थोडी कुरकुरते तेवढं चालवून घ्यायचं. गिटारची स्टीलची तार मात्र चुकूनही लावू नका, ताणाने ब्रिज, म्हणजे खालच्या टोकाला तारा बांधायची पट्टी, उखडतो.

तारा एकेक करून बदला, सगळ्या एकदम काढू नका. ब्रिजला भोकं असतील तर तार नटच्या बाजूने घालून मागे काढायची, वर वळवून स्वतःच्याच खालून घ्यायची, आणि उरलेलं टोक त्या फासात अडकवायचं. जाड तारेला एक पीळ पुरतो, फ्लोरोकार्बन गुळगुळीत असते तिला दोन-तीन द्या, आणि शेवटचा पीळ ब्रिजच्या मागच्या कडेच्या खाली गेलाच पाहिजे, वरच राहिला तर ट्यून करता करता सटकन सुटते आणि लाकडावर ओरखडा पडतो तो वेगळा. खुंटीवर जाडीला दोन वेढे, बारीकला तीन, एकाखाली एक. टोक लगेच कापू नका, सूर लागल्यावर कापा.

ट्यूनिंगला जोडीतली एक तार बोटाने दाबून गप्प करा आणि दुसरी लावा, दोन्ही वाजल्या की क्लिपवाला ट्यूनर गोंधळतो. दोन्ही लागल्या की एकत्र छेडून कानाने बघा, आवाज लाटेसारखा हलत असेल तर अजून फरक आहे. मग बारावा फ्रेट (मानेवरची आडवी पट्टी) दाबूनही बघा, तिथे जोडीचे सूर जुळले नाहीत तर बहुतेक तारच खराब. नवीन तारा काही दिवस उतरत राहतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

वाजवताना खरी अडचण एकच, जी च्या जोडीवर बोट. सी कॉर्डला काही नाही, जी मोकळाच असतो, पण ए मायनर किंवा एफ घेतलात की मधलं बोट दुसऱ्या फ्रेटवर दोन्ही तारांवर बसायला हवं, आणि सवयीने आपण टोकाने दाबतो म्हणून एकच तार वाजते, दुसरी थड्ड. बोट किंचित आडवं करा, गादीचा भाग टेकवा, फ्रेटच्या अगदी जवळ. डी कॉर्डला तीन बोटं दाटीवाटीने कोंबण्यापेक्षा एकच बोट आडवं टाकून जी-सी-ई दाबलेलं बरं, ए मोकळी वाजतेय ना तेवढं बघा.

जोडीत कुठली बाहेर ठेवायची यावर भांडणं आहेत. अंगठा वरून खाली येताना बाहेरची तार आधी लागते, त्यामुळे अंगठ्याने मंद्रातली चाल वाजवायची असेल तर लो जी बाहेर, नुसतं स्ट्रमिंग असेल तर बारीक बाहेर. पण बदलायच्या आधी नटच्या खाचा बघा, बारीक खाचेत जाड तार बसणार नाही, कारागिराकडून खाच घासून घ्या. चार तारांच्याच युकुलेलेला पाचवी बसवायची असेल तर नवी खुंटी, नटला खाच, ब्रिजला भोक एवढं सगळं लागतं, घरी ड्रिल घेऊन बसू नका.

आणि वाउंड तार बाकीच्यांच्या आधी जाते, फ्रेटला घासून घासून गुंडाळी उसवायला लागते, तेव्हा घेतानाच दोन घेऊन ठेवा.